पांढऱ्या पेटीतलं तापमान

बाबांचा कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडायला लागला तो मे महिना होता, आणि दिल्लीच्या मे महिन्यात काही बंद पडलं तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वीज जाते, कूलरची मोटर जाते, माणसाचं डोकं तर रोजच जातं. त्यामुळे बाबांनी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा "लाइट गेली असेल" असं म्हणून मी मोकळी झाले.

"लाइट होती. पंखा चालू होता," बाबा म्हणाले. "बातमीच्या अर्ध्या वाक्यात गेला. बिल्कुल मधेच."

बातमीच्या अर्ध्या वाक्यात, हे त्यांचं खरं दुखणं होतं. आई गेल्यापासून बाबा मयूर विहारच्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. मी नोएडात, सरकारी नोकरीत, शनिवारी मेट्रोने त्यांच्याकडे जाणारी. दादा पुण्यात. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, त्यामुळे घरात, जिन्यात, भाजीवाल्यापर्यंत ते बिनधास्त फिरायचे, पण समोर धरलेलं अक्षर मात्र गायब व्हायचं. म्हणून मी त्यांना एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. आमच्या ऑफिसात विंडोजऐवजी लिनक्स वापरतात, तेवढ्या ओळखीवर त्यांच्या मशीनवरही मी तेच टाकलं आणि एक बटण दाबलं की मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. त्याचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा सपाट होता. बाबांना तो आवडायचा. "बाई भावनेत वाहून जात नाही," ते म्हणायचे.

आमचे बाबा वेधशाळेत निरीक्षक होते. तापमान वाचणे हा त्यांचा धंदा. ठरलेल्या वेळी उठायचं, आवारातल्या पांढऱ्या पेटीपाशी जायचं, दार उघडायचं, थर्मामीटर वाचायचा आणि जे दिसलं तेच लिहायचं. आमच्या घरात कुणाला ताप आला तर "अंगात कणकण आहे" असं म्हणायची सोय नव्हती; आकडा सांगावा लागे. दर जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची तेव्हा बसमधल्या दिल्लीत वाढलेल्या पोरांना बाबा लढाईची गोष्ट सांगत नसत. त्या संक्रांतीच्या सकाळी यमुनेकाठी थंडी किती असेल याचा अंदाज कसा काढायचा, ते सांगत. पोरं कंटाळून बिस्किटं खायची. आणि घरी बसून, पेटीपाशी न जाता आकडा लिहिणाऱ्या सहकाऱ्याचं नाव निघालं की आजही बाबांच्या कपाळाची शीर उठायची. असा एक माणूस त्यांच्या हाताखाली होता. त्याच्याशी बाबा निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत.

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा बाबांनी त्याच्यासाठीही पेटी करवून घेतली. सुताराला बोलावून, मापं देऊन, चारही बाजूंनी लाकडी झडपा, वर दुहेरी छप्पर, सगळं पांढऱ्या रंगात, हुबेहूब वेधशाळेतल्यासारखी, फक्त तळ नसलेली, मशीनवर वरून बसणारी. दिल्लीची धूळ आत जाऊ नये म्हणून झडपांच्या आतून बारीक जाळी. मशीनचा सगळा डबा त्या पेटीत, आणि बाहेर टेबलावर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. पहिल्यांदा येणारा माणूस त्या खोलीत चपला बाहेर काढून यायचा, कारण त्याला ते देवघर वाटायचं. मी त्या पेटीची खूप थट्टा केली, पण मनातून मला तिचा अभिमान होता.

शनिवारी मी गेले. पेटी उचलून बाजूला ठेवली, डबा उघडला, पंखे फिरताहेत ना पाहिलं. मग टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून सेन्सर्स ही कमांड दिली. मदरबोर्डवर ठिकठिकाणी तापमान मोजणारे बारीक सेन्सर असतात. ही कमांड दिली की त्यांचे आकडे स्क्रीनवर येतात. तीन आकडे आले. प्रोसेसर चव्वेचाळीस. बोर्ड अडतीस. आणि तिसरा, एकशे सत्तावीस.

मी तो मोठ्याने वाचला, ही चूक झाली.

"एकशे सत्तावीस?" बाबा खुर्चीतून उठले. "सेल्सिअस?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. "पाणी शंभराला उकळतं. घर पेटवायचंय का तुला?"

त्याच संध्याकाळी फोनवर दादाला हे कळलं, आणि दादा अशा बातमीची वाटच पाहत होता. तो वाईट नाही. त्याला काळजी वाटते आणि काळजी वाटली की तो हुकूम सोडतो, एवढंच. वर्षभर त्याचं चाललं होतं की बाबांनी पुण्याला यावं. बाबांचं म्हणणं, अक्षरं नसतील दिसत, पण आकडे मला दिसतात; गोळीच्या पाकिटावरचा आकडा, फोनवरचा आकडा, लिफ्टमधला आकडा. आकडे दिसतात तोवर मी माझ्या घरात राहणार. आता दादाने तेच धरलं.

"ठीक आहे, बाबा," तो स्पीकरवर म्हणाला. "मशीन ही दुरुस्त करेल. पण रोज सकाळी मला तुम्ही मशीनच्या तापमानाचे आकडे स्क्रीनवरून वाचून दाखवायचे. ज्या दिवशी वाचता येणार नाहीत, त्या दिवशी मी तिकीट काढणार."

"मंजूर," बाबा म्हणाले. एखादं कंत्राट घ्यावं तसे.

आता हे काम माझ्यावर आलं. मी हट्टी आहे. आई म्हणायची, हिला नको म्हटलं की हिच्या अंगात येतं. मशीन बंद पडत राहिलं तर बाबांचं वाचन गेलं, वाचन गेलं की दादाचं म्हणणं खरं ठरलं, आणि बाबांचा मुक्काम पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत हलला. तिथे त्यांना भाजीवाला ओळखणार नाही, मंडळाची बस नाही, कडेकडेने ओळखीचा जिना नाही. ते मी होऊ देणार नव्हते.

आधी एकशे सत्तावीसचा निकाल लावला. आठवडाभर ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत मी त्यावर वाचत बसले. पुढच्या शनिवारी बाबांना म्हटलं, मशीन सकाळपासून बंद ठेवा. दुपारी गेले, धातूवर हात ठेवला, गार होता. चालू करून लगेच कमांड दिली. प्रोसेसर खोलीपेक्षा जेमतेम वर. तिसरा आकडा एकशे सत्तावीस. मग बोर्डावर हात फिरवला, कुठेही चटका नाही. तासाभराने पुन्हा पाहिलं. बाकीचे दोन चढले होते, हा तिथेच.

"हलतच नाही?" बाबांनी विचारलं.

"तसूभरही नाही."

"मग तो थर्मामीटर नाहीच." बाबांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. "न हलणारा पारा म्हणजे फुटलेली नळी."

तसंच होतं ते. मोजणाऱ्या चिपला बरेच पाय असतात. बोर्ड बनवणारा त्यातले मोजके वापरतो आणि उरलेले मोकळे सोडतो. मोकळ्या पायाला काहीच जोडलेलं नसतं, तरी चिप बिचारी काहीतरी आकडा सांगत राहते. लिनक्सला ते ठाऊक नसतं, आपण सांगावं लागतं. मी एक छोटी फाइल लिहिली, त्यात एक ओळ टाकली, की हा आकडा दाखवू नको. एकशे सत्तावीस स्क्रीनवरून गेला. मला फार बरं वाटलं.

बाबांना नाही वाटलं. "खोडलंस?"

"लपवलं. खोटाच होता ना?"

"चुकीचं रीडिंग खोडत नाहीत. त्यावर एक रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे. उद्या दुसरा निरीक्षक आला तर त्याला कसं कळणार की इथे काय होतं?"

त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मी ती ओळ काढली आणि त्या आकड्याला नाव दिलं, "रिकामी जागा". प्रोसेसर, बोर्ड आणि रिकामी जागा असे तीन आकडे एका खिडकीत, तळहाताएवढ्या अक्षरांत, दर काही सेकंदांनी ताजे होणारे. बाबा स्क्रीनसमोर मान जराशी तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, "अच्छा. आता बरोबर."

आणि सोमवारी दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं.

पुढचे आठवडे मी जे केलं त्याला आमच्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. वीज पुरवणारा डबा बदलला. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नवा पंखा आणला. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली होती, ती खरवडून नवी लावली, कापसाने, स्पिरिटने, श्वास रोखून. घरात व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून स्टॅबिलायझर बसवला. दर शनिवारी मशीन माझ्यासमोर शहाण्या मुलासारखं दिवसभर चालायचं, आणि मी मेट्रोत बसून यमुना ओलांडून घरी पोचले की एकदोन दिवसांत बाबांचा फोन. "गेला."

"तापमान किती होतं?"

"सकाळी त्रेचाळीस. दुपारी एक्केचाळीस, बेचाळीस. तापमानाचा प्रश्न नाही हा. तू दुसरीकडे बघ."

मी दुसरीकडे बघत होते. जगात कुणाच्या आकड्यावर शंका घेतली असती, तरी बाबांच्या आकड्यावर घेतली नसती. दादाही रोज सकाळी आकडे ऐकायचा आणि गप्प बसायचा. पण मशीनबद्दल तो गप्प बसला नाही. "डोळे ठीक आहेत, मान्य," तो मला म्हणाला. "पण ते दिवसभर काय करतात? भिंतीकडे बघत बसतात. जूनअखेरपर्यंत हे नीट झालं नाही तर मी येऊन त्यांना घेऊन जातो. यार, तू इंजिनियर नाहीस, मान ना हार."

मी फोन आपटला. खरंच आपटला, काचेला तडा गेला.

त्यानंतरच्या शनिवारी मी नेहमीसारखी गेले, नेहमीसारखी पेटी उचलायला वाकले, आणि तशीच वाकलेली राहिले. दर शनिवारी मी आल्या आल्या पेटी काढते. दिवसभर मशीन उघडं. निघताना पेटी परत बसवते. म्हणजे माझ्यासमोर जे मशीन चालतं ते बिनपेटीचं, आणि जे बंद पडतं ते पेटीतलं. मी वाकून झडपेत बोट घातलं. आतली जाळी धुळीने लोकरीसारखी मऊ झाली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

वेधशाळेच्या पेटीत थर्मामीटर असतो. तो स्वतः तापत नाही; त्याला ऊन लागू दिलं नाही की झालं. आमच्या पेटीत आगटी होती, आणि आम्ही तिला ऊन लागू नये म्हणून झाकून ठेवली होती.

हे बाबांना सरळ सांगायचं माझ्या जिवावर आलं. ती पेटी त्यांची होती. म्हणून म्हटलं, "बाबा, आज पेटी लावलेलीच ठेवू. तुम्ही रोजच्यासारखं वर्तमानपत्र ऐका. मी स्वयंपाकघरात आहे. तुम्ही मधून मधून मला प्रोसेसरचा आकडा ओरडून सांगा. मी काही हात लावत नाही."

"बराबर," बाबा खूश होऊन म्हणाले. "निरीक्षक वेगळा, प्रयोग करणारा वेगळा."

मी कांदा चिरत होते. आतून बाईचा सपाट आवाज येत होता, कुठल्याशा धरणाची बातमी. "त्रेचाळीस," बाबा ओरडले. पुढे बऱ्याच वेळाने, "एक्केचाळीस." मला काही समजेना. जाळी बंद, बाहेर लूचा गरम वारा, आणि आकडा उतरतोय? पेटीवरचा माझा संशय चुकीचा होता तर. मी चहा टाकला आणि दोन कप घेऊन खोलीत गेले.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते, तोंड स्क्रीनकडे. स्क्रीनवर, तळहाताएवढ्या अक्षरांत, प्रोसेसर शहाऐंशी.

"किती, बाबा?"

"एक्केचाळीस," ते म्हणाले. अगदी लगेच, अगदी ठाम.

मी कप टेबलावर ठेवले. माझ्या डोळ्यांदेखत शहाऐंशीचे सत्त्याऐंशी झाले. "परत एकदा बघून सांगा."

त्यांनी मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. बातमीतली बाई धरणाचं पाणी सोडत राहिली. बाबांनी मान सरळ केली आणि मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

मला पहिल्यांदा आला तो राग. इतका राग मला दादाचाही कधी आला नव्हता. पेस्ट खरवडण्यात, उन्हात नेहरू प्लेसच्या पायऱ्या चढण्यात घालवलेले सगळे शनिवार माझ्या घशाशी आले. "सत्त्याऐंशी!" मी ओरडले. "सत्त्याऐंशी, बाबा! शंभराच्या घरात गेलं की ते स्वतःला वाचवायला बंद पडतं. एवढे दिवस ते असं तापत होतं आणि तुम्ही मला एक्केचाळीस सांगत होतात! कधीपासून?"

"रिकामी जागा लिहिलंस ना, ते नीट दिसलं होतं. कडेने," ते म्हणाले. "त्यानंतर हळूहळू जात गेलं."

"आणि रोज सकाळी दादाला?"

"सकाळी मशीन गार असतं. खोलीचं तापमान मला अंगाला कळतं. त्यात थोडे मिळवायचे. सकाळचे फार चुकले नसतील."

मग मी खाली बसले, कारण मला भीती वाटली. ते या घरात कुठली गोळी कुठल्या पाकिटातून घेत होते, लिफ्टचं कुठलं बटण दाबत होते, हे मला काहीच माहीत नव्हतं. आणि जो माणूस घरबसल्या आकडा लिहिणाऱ्याशी कधीच बोलला नाही, तो रोज सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसून आकडे रचत होता, या घरात राहायला मिळावं म्हणून. त्यांना हे किती जड गेलं असेल, ते त्यांच्या हातांकडे पाहून मला कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, त्यांना तसंही दिसलं नसतं.

"काढ ती पेटी," बाबा म्हणाले.

मी पेटी उचलली. आतून गरम हवेचा लोट आला, तंदूरचं झाकण काढल्यासारखा. बाबांनी हात पुढे केला, तो लोट तळहातावर घेतला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला. मी आकडे सांगत गेले. ऐंशी. एकाहत्तर. त्रेसष्ट. अठ्ठावन्न.

"थर्मामीटर तापत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

दुपारभर मी त्या मशीनपुढून उठले नाही. वर्तमानपत्र वाचणारी बाई होतीच. तिला आकडे वाचायला शिकवायचं होतं. कमांडने तापमान काढायचं, त्यातला हवा तो आकडा वेगळा करायचा, त्याला मराठी शब्द जोडून तिच्या हाती द्यायचा आणि हे सगळं कीबोर्डच्या एका बटणाला बांधायचं. पहिल्यांदा ती इंग्रजीत बोलली. मग तिने "रिकामी जागा एकशे सत्तावीस" असं तीनतीनदा सांगितलं. मी शिव्या घातल्या, पुन्हा लिहिलं. बटणावर आईच्या शिवणाच्या डब्यातला एक मणी चिकटवला, बोटाला लागावा म्हणून. गोळ्यांच्या पाकिटांचं काय करायचं ते उद्या बघू म्हटलं, आणि उद्याची रजा टाकायची गरज नाही, रविवारच आहे, हेही आठवलं. बाबा एका जागी बसून होते. जेवले नाहीत.

ऊन उतरल्यावर ते म्हणाले, "दादाला फोन लाव."

"मी काही सांगणार नाहीये त्याला," मी म्हणाले. "आपण आधी सगळी व्यवस्था लावू."

"तू नाही. मी सांगणार. चुकीची रीडिंग दिली आहेत, ती तशीच ठेवता येत नाहीत. लाव."

मी लावला आणि स्पीकर चालू केला. दादाने हॅलो म्हणायच्या आत बाबांनी सुरुवात केली, उभं राहून, पूर्वी ऑफिसला फोनवर रीडिंग कळवायचे तशी. "ऐक. मला आकडे दिसत नाहीत. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाहीत. तुला रोज सकाळी सांगितले ते मी मनाने सांगितले. ते सगळे रद्द धर. मशीन माझ्या पेटीमुळे तापत होतं, तुझ्या बहिणीने शोधून काढलं. तू म्हणाला होतास तिकीट काढशील. तो तुझा अधिकार आहे. मला इथे राहायचंय, हे पण लिहून घे."

पलीकडून फक्त खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दादा चिडला की लगेच चिडतो, म्हणजे तो चिडला नव्हता. मी बाबांच्या कोपराला धरून उभी होते आणि मनात ठरवत होते, हा तिकिटाचा एक शब्द बोलला तर आज मी याच्याशी असं भांडेन की पुण्यापर्यंत ऐकू जाईल.

"बाबा," दादा म्हणाला. "आत्ता किती आहे?"

बाबांनी टेबलाच्या कडेवरून बोट सरकवत नेलं, मणी सापडला, दाबला. "प्रोसेसर बावन्न," बाई म्हणाली.

"बावन्न," बाबांनी फोनमध्ये सांगितलं.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "उद्या सकाळचं कळवा."